हत्यार, अवजार आणि कायदा

खंडेनवमीचा दिवस आठवा. त्या दिवशी आपण घरातील हत्यारे काढतो. ती धुतो, पुसतो, पाटावर मांडतो. विळा, कोयता, खुरपे, कुऱ्हाड, सुताराचा वाकस, न्हाव्याचा वस्तरा, सगळे एका रांगेत बसतात. कुणाच्या घरी आजोबांची जुनी तलवार असते. तीही त्याच रांगेत मांडतात. हळदकुंकू सगळ्यांना सारखेच लागते. फूलही सारखेच.

आपल्या बोलण्यातही तसेच आहे. सुतार म्हणतो, "माझी हत्यारं आणा." शिपाईही म्हणतो, "हत्यार खाली ठेव." शब्द एकच. पण सुताराचे हत्यार म्हणजे काम करण्याचे साधन, आणि शिपाई ज्याला हत्यार म्हणतो ते माणसाला इजा करण्याचे साधन. पहिल्याला आपण अवजार म्हणू. दुसऱ्याला शस्त्र म्हणू.

खंडेनवमीच्या पाटावर दोन्ही शेजारी बसतात. कायद्याच्या पाटावर मात्र ती वेगळी बसतात. शिवाय कोणते कुठे बसेल, हे सगळ्या गावी सारखे नाही. एका ठिकाणी जे चालते ते दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. एका दिवशी चालते ते दुसऱ्या दिवशी चालत नाही. हे कसे, ते या पाठात पाहू.

आमच्या आळीतील एक गोष्ट

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा शाळेत मास्तर होतो. आमच्या आळीत एक ऊसतोड गडी राहत असे. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको टोळीबरोबर कारखान्यावर जात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेल. मुकादमाच्या वहीत माणसाचे नाव नंतर येते, कोयता आधी येतो.

त्या वर्षी टोळी निघायला दोन दिवस होते. गडी जिल्ह्याच्या गावी बाजाराला गेला. त्याने नवा कोयता घेतला. लोहाराकडून धार लावून घेतली. कोयता उघडाच कमरेला अडकवला आणि चौकात चहा प्यायला उभा राहिला. त्या दिवशी तिथून मिरवणूक जायची होती. गर्दी होती. पोलिसांनी त्याला पाहिले आणि धरून नेले.

रात्री त्याची बायको आमच्या दारात आली. म्हणाली, "गुरुजी, मालकांना चौकीत बसवलंय. चोरी नाही, मारामारी नाही. कोयता होता म्हणं कमरेला. आता कोयता नसंल तर ऊस काय दातानं तोडायचा?"

आम्ही सरपंचांना घेऊन गेलो. चौकीतील साहेब शांत स्वभावाचे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी एक कागद आमच्यापुढे ठेवला. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच वाचा." आम्ही वाचला. जिल्ह्यात सण-मिरवणुकांमुळे मनाई हुकूम लागू होता. काठ्या, सुऱ्या, भाले, तलवारी, आणि शरीराला इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगून फिरायला बंदी होती. खाली तारखा होत्या. त्या तारखांत तो दिवस बसत होता.

आम्ही म्हणालो, "साहेब, हे गावात कुणाला ठाऊक नाही."

साहेब म्हणाले, "तुमच्या पंचायतीच्या फळ्यावर लावलाय. आठ दिवस झाले."

दुसऱ्या दिवशी गावी येऊन आम्ही फळा पाहिला. कागद खरोखरच होता. त्या फळ्यावरून आम्ही रोज शाळेत जात होतो. आठ दिवसांत सोळा वेळा आम्ही त्या कागदासमोरून गेलो होतो. त्या गड्याला वाचता येत नव्हते. आम्हाला येत होते, आणि आम्ही वाचला नाही.

पुढे खटला झाला. सरपंचांनी दाखला दिला. मुकादमाने साक्ष दिली की हा माझ्या टोळीचा माणूस आहे. शेवटी कोर्टाने त्याचे म्हणणे मानले आणि तो सुटला. पण तारखांना तीनदा जावे लागले. तोवर टोळी निघून गेली होती. त्याने घेतलेली उचल अंगावर राहिली. ते सबंध वर्ष त्या घराला जड गेले. तो कधी आम्हाला काही बोलला नाही. पण तो कागद आम्ही अजून विसरलो नाही. हा पाठ लिहिण्याचे कारणही तोच कागद आहे.

देशाचा कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात शस्त्रांचा एक कायदा आहे. तो १९५९ सालचा आहे. तो साऱ्या भारताला लागू आहे. त्याला शस्त्र अधिनियम म्हणतात.

या कायद्याने पहिल्याच पानावर एक चांगली गोष्ट सांगितली आहे. जी वस्तू केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली आहे, ती शस्त्र नव्हे. साधी काठी शस्त्र नव्हे. म्हातारा माणूस टेकायला घेतो ती हातकाठीही शस्त्र नव्हे. म्हणजे तुमची विळी, खुरपे, विळा आणि ऊसतोडीचा कोयता यांना हा कायदा शस्त्र मानत नाही.

पण गुप्ती? गुप्ती वरून हातकाठीसारखीच दिसते. तिच्या पोटात मात्र पाते असते. ती टेकण्यासाठी बनवलेली नाही, लपवण्यासाठी बनवलेली आहे. म्हणून गुप्ती हे शस्त्र आहे. वस्तू दिसते कशी, एवढेच कायदा पाहत नाही. ती कशासाठी घडवली, हेही पाहतो.

या कायद्याखाली नियम केले आहेत. त्यांत धारदार शस्त्रांची यादी आहे. तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, लढाईची कुऱ्हाड ही नावे तिच्यात आहेत. सुऱ्यांसाठी माप दिले आहे. पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ती सुरी या यादीत येते. मात्र घरकाम, शेती, शास्त्रीय काम किंवा कारखान्याचे काम यासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत.

९ इंच म्हणजे किती? आपला हात पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत होते. वीत म्हणजे बारा बोटे, म्हणजे सुमारे ९ इंच. चार बोटे म्हणजे ३ इंच. हे माप लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा लागेल.

अशी शस्त्रे बनवायला आणि विकायला परवाना लागतो. आणि बाळगायला? त्याबद्दल कायद्याचे कलम ४ आहे. एखाद्या भागात गरज वाटली, तर केंद्र सरकार जाहीर हुकूम काढून सांगते की या भागात अमुक प्रकारची शस्त्रे परवान्याशिवाय बाळगायची नाहीत. हा नियम मोडला तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद होऊ शकते. शिवाय दंडही होतो.

"या भागात" हे शब्द पाहा. कायदा एकच, पण त्या शब्दांमुळे तो जागोजागी निराळा होतो.

दिल्लीचे माप चार बोटांचे

दिल्लीचे उदाहरण घ्या. तिथे १९८० साली असा हुकूम निघाला. बटण दाबले की उघडणारे, स्प्रिंगचे आणि गरारीचे चाकू त्यात धरले. माप ठरवले ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद. एवढे किंवा याहून मोठे पाते असेल तर निर्बंध.

७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर ३ इंच. म्हणजे चार बोटे.

आता समजा, कुणी जत्रेत सहा बोटांचा बटणाचा चाकू घेतला. देशाच्या यादीतील विताच्या मापाने तो लहान आहे. दिल्लीच्या चार बोटांच्या मापाने तो मोठा आहे. चाकू तोच, माणूस तोच. गाव बदलले आणि माप बदलले.

आपल्या राज्याचा पोलीस कायदा

तुम्ही विचाराल, एका देशात असे दोन-दोन कायदे का? याचे उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. घटनेने कामे वाटून दिली आहेत. शस्त्रांचा विषय केंद्राकडे दिला आहे. पोलीस आणि सार्वजनिक शांतता हे विषय राज्यांकडे दिले आहेत. घरात तिजोरीची किल्ली थोरल्याकडे आणि कोठीची किल्ली धाकट्याकडे असावी, तसे हे आहे.

आपल्या राज्यात १९५१ सालचा पोलीस कायदा आहे. पूर्वी त्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणत. आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याचे कलम ३७ आपल्या रोजच्या जगण्याशी फार जवळचे आहे. सण, निवडणूक, मोर्चा, तंटा अशा वेळी शांतता राहावी म्हणून जिल्हादंडाधिकारी मनाई हुकूम काढू शकतात. शहरात पोलीस आयुक्त काढतात. या हुकुमात शस्त्रे, सुऱ्या, काठ्या, लाठ्या, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला बंदी घालता येते.

इथे फरक नीट ध्यानात घ्या. शस्त्रांच्या कायद्यात साधी काठी सुटते. मनाई हुकुमात तीच काठी अडकू शकते. शस्त्रांच्या कायद्यात शेतीचा कोयता सुटतो. मनाई हुकुमात तो अडकू शकतो. आमच्या आळीतील गडी नेमका इथे अडकला. हा हुकूम मोडणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

हे हुकूम बहुधा पंधरा दिवसांचे असतात. एक संपला की गरजेप्रमाणे दुसरा निघतो. एका जिल्ह्यात हुकूम असतो आणि शेजारच्या जिल्ह्यात नसतो. बीडहून सांगली-कोल्हापूरला ऊसतोडीला जाणारा माणूस वाटेत कितीतरी जिल्हे ओलांडतो. कर्नाटकात गेला तर तिथला पोलीस कायदाही निराळा. तो १९६३ सालचा आहे. ट्रक पुढे जातो तसा कायदाही बदलत जातो. वाटेत त्याची पाटी कुठे लागत नाही.

अलीकडे शहरांत कोयत्याची नवी भीती पसरली आहे. काही टोळकी कोयते नाचवून लोकांना धमकावतात. म्हणून २०२३ साली पुण्यात पोलिसांनी दुकानदारांना सांगितले की कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहा आणि नोंद ठेवा. चार पोरांनी अवजाराचे शस्त्र केले. त्याचा जाच हजारो कष्टकऱ्यांना झाला.

धर्म, रीत आणि हौस

नांदेडला गुरुद्वारात तुम्ही शीख बांधव पाहिले असतील. त्यांच्या अंगावर कृपाण असते. आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की कृपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग आहे. तरी विमानात त्यालाही माप आहे. २०२२ सालच्या हुकुमाप्रमाणे देशातल्या देशात जाणाऱ्या विमानात शीख प्रवाशाला कृपाण जवळ ठेवता येते, पण पाते ६ इंचांहून लांब नको आणि मुठीसकट सारी कृपाण ९ इंचांहून लांब नको. म्हणजे पाते आठ बोटे, सारी मिळून एक वीत. इतर कुणाला विमानात साधी सुरीही जवळ ठेवता येत नाही. ती सामानाच्या बॅगेत घालून विमानाच्या पोटात द्यावी लागते.

आपल्याकडे लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार देतात. टोकाला लिंबू खोचतात. ही जुनी रीत आहे. पण हल्ली तरुण मुले वाढदिवसाचा केक तलवारीने कापतात. त्याचे फोटो मोबाइलवर सगळीकडे पाठवतात. मग पोलीस दारात येतात. फोटो हाच पुरावा होतो. आई-बाप रडतात. पोरगा म्हणतो, "आम्ही तर गंमत केली." या गंमतीपायी गुन्हा नोंदला जातो. पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला मागतात, तेव्हा तो गुन्हा आडवा येतो.

परदेशांत काय आहे?

आता आपल्या गावांतील मुलेही शिकायला आणि कामाला परदेशी जातात. म्हणून तिथले थोडे पाहू.

इंग्लंडमध्ये १९८८ सालचा कायदा आहे. घडी होणारा साधा चाकू, ज्याचे पाते ३ इंचांपर्यंत आहे आणि उघडल्यावर अडकून बसत नाही, तो खिशात चालतो. पुन्हा आपली चार बोटे! त्याहून मोठा असेल तर योग्य कारण दाखवावे लागते. काम, धर्म, राष्ट्रीय पोशाख ही कारणे चालतात. "माझ्या रक्षणासाठी ठेवला" असे म्हटले तर ते कारण सहसा चालत नाही. तिथे बटणाचे चाकू बनवायला आणि विकायला १९५९ सालीच बंदी आली. आपला शस्त्रांचा कायदाही त्याच वर्षीचा.

जपानात माप आणखी लहान आहे. ६ सेंटिमीटरहून लांब पात्याचा चाकू योग्य कारणावाचून घेऊन फिरता येत नाही. म्हणजे जेमतेम तीन बोटे. २००८ साली टोकियोच्या अकिहाबारा भागात एका माणसाने गर्दीत गाडी घातली आणि खंजिराने लोकांवर वार केले. सात माणसे गेली. त्यानंतर खंजिरांचे नियम अधिक कडक केले.

अमेरिकेत उलट आहे. तिथे राज्याराज्यांत मोठा फरक आहे. टेक्सास राज्यात २०१७ साली नियम सैल केले. मोठ्या माणसाला साडेपाच इंचांहून लांब पातेही बाळगता येते. मात्र शाळा, मतदान केंद्र अशा काही जागी ते चालत नाही.

म्हणजे कुठे तीन बोटे, कुठे चार, कुठे सात, कुठे वीत. ज्या गावाने जे सोसले, त्याप्रमाणे त्याने माप ठरवले. पण एक प्रश्न बहुतेक ठिकाणी पोलीस विचारतात : "हे तुझ्याजवळ इथे, या वेळी कशाला?" शेतात कोयता दिसला तर हा प्रश्न कुणी विचारत नाही. मिरवणुकीत दिसला तर विचारतात.

आपण काय करावे?

१. कामाचे पाते उघडे नेऊ नका. पोत्यात किंवा फडक्यात गुंडाळा, वर दोरी बांधा, सामानात ठेवा. कमरेला लटकवू नका.

२. कामावर जाताना आणि येतानाच जवळ ठेवा. बाजार, जत्रा, सभा, मतदान, मिरवणूक इथे नेऊ नका. बाजारातून नवीन घेतले तर थेट घरी या.

३. विकत घेताना पावती घ्या आणि जपून ठेवा. टोळीबरोबर जाणाऱ्याने मुकादमाची चिठ्ठी किंवा सरपंचांचा दाखला जवळ ठेवावा. याने सुटकेची हमी मिळत नाही, पण आपले म्हणणे पटवायला मदत होते.

४. पोलिसांनी विचारले तर खरे सांगा. पळू नका, वस्तू लपवू नका. पळणाऱ्याचे अवजारही शस्त्रासारखे दिसते.

५. भांडणात अवजार हाती घेऊ नका. विळा उगारला की तो विळा राहत नाही. धारदार वस्तूने दुखापत केली तर शिक्षा वाढते. मग विळा शेतीचा होता, हे सांगून उपयोग नाही.

६. कुणाला अटक झाली तर घाबरू नका. चोवीस तासांच्या आत त्याला कोर्टापुढे उभे करावे लागते. वाटेत लागणारा वेळ त्यात धरत नाहीत. वकील करायला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. अटकेत असलेल्या माणसाला तिथे फुकट वकील मिळतो. हा त्याचा हक्क आहे.

७. आणि शेवटचे. पंचायतीच्या फळ्यावरचा कागद वाचा. मनाई हुकूम आहे का, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वस्तूंना, एवढ्या गोष्टी पाहा. समजले नाही तर पोलीस पाटलांना विचारा. समजले तर शेजाऱ्याला सांगा.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. वाचता येणे ही नुसती स्वतःच्या कामाची विद्या नाही. ज्याला अजून येत नाही त्याच्यासाठीही ती वापरायची आहे. आम्ही सोळा वेळा एका कागदासमोरून गेलो आणि एका शेजाऱ्याचे वर्ष बुडाले. तुम्ही उद्या फळ्यासमोरून जाल तेव्हा क्षणभर थांबा.

प्रश्न

१. विळी आणि गुप्ती यांत कायदा फरक का करतो?

२. सहा बोटांच्या बटणाच्या चाकूचे दिल्लीत काय होईल? देशाच्या यादीतील मापाने काय होईल?

३. शस्त्रांच्या कायद्यात सुटणारा कोयता मनाई हुकुमात का अडकतो?

४. पाठातील गड्याने बाजारातून कोयता कसा आणायला हवा होता?

५. आज आपल्या पंचायतीच्या फळ्यावर कोणकोणते कागद आहेत? जाऊन वाचा आणि उद्या वर्गात सांगा.

कठीण शब्द

अधिनियम : कायदा

मनाई हुकूम : अमुक करू नये असा सरकारी आदेश

जिल्हादंडाधिकारी : जिल्ह्यात शांतता राखण्याचा अधिकार असलेले अधिकारी, जिल्हाधिकारीच हे काम पाहतात

उचल : कामाआधी घेतलेले पैसे

दाखला : अधिकाऱ्याने लिहून दिलेली खूण किंवा पुरावा